रॉड सर्लिंग : दूरचित्रवाणी-लेखकाचा आपल्या शब्दावरील अधिकार

१

दूरचित्रवाणीसाठी लिहिणाऱ्या लेखकाला साहित्याच्या इतिहासात स्थान द्यावे काय, आणि दिल्यास ते कोणत्या निकषांवर, हा प्रश्न आपल्या अभ्यासक्रमांत फारसा विचारला जात नाही. नाटककाराची संहिता ग्रंथरूपाने उरते. प्रयोग विरला तरी तिचा अभ्यास करता येतो. दूरचित्रवाणी-लेखकाच्या बाबतीत परिस्थिती निराळी असते. त्याचे लेखन निर्माता, दिग्दर्शक, वाहिनी आणि प्रायोजक अशा अनेकांच्या हातांतून जाते आणि अखेरीस पडद्यावर जे उमटते त्यातले मूळ लेखकाचे किती, हे सांगणे अवघड होऊन बसते. या प्रश्नाचा विचार करू पाहणाऱ्या अभ्यासकाला अमेरिकन लेखक रॉड सर्लिंग (१९२४–१९७५) याचे चरित्र अनेक दृष्टींनी उपयुक्त ठरते.

सर्लिंगने नभोवाणीसाठी श्रुतिका लिहिल्या, दूरचित्रवाणीसाठी नाटके लिहिली, स्वतःची मालिका निर्माण केली, तिचा निवेदक म्हणून तो पडद्यावर आला, चित्रपटांच्या पटकथा लिहिल्या, कथासंग्रह प्रसिद्ध केले आणि उत्तरायुष्यात अध्यापनही केले. ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेमुळे त्याचे नाव जगभर पोहोचले. त्याच्या कारकिर्दीचे जे चित्र सामान्यतः रंगवले जाते ते असे : आरंभी तो सामाजिक वास्तववादी नाटककार होता, प्रायोजकांच्या हस्तक्षेपाला कंटाळून तो अद्भुताकडे वळला आणि तेथे त्याला हवे ते स्वातंत्र्य मिळाले. हे चित्र खोटे नाही, परंतु अपुरे आहे. अद्भुताचा आश्रय घेतल्याने स्वातंत्र्य मिळते हे खरे मानले, तर त्याच लेखकाची ‘नाइट गॅलरी’ ही पुढची अद्भुतप्रधान मालिका त्याच्या हातून का निसटली, याचे उत्तर देता येत नाही. सर्लिंगच्या जीवनातील यशापयश साहित्यप्रकाराच्या निवडीपेक्षा निर्मितीवरील अधिकाराशी अधिक निगडित आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्याचबरोबर, रूपकाने त्याला जे दिले त्याची त्याला कोणती किंमत मोजावी लागली, याचाही येथे विचार करावयाचा आहे.

२

रॉडमन एडवर्ड सर्लिंगचा जन्म २५ डिसेंबर १९२४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्याचे बालपण त्याच राज्यातील बिंगहॅम्टन या लहान औद्योगिक नगरात गेले. वडील सॅम्युएल व्यापारात होते. थोरला भाऊ रॉबर्ट पुढे विमानव्यवसायावर लिहिणारा कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झाला. बोलका, नकला करणारा, शाळेच्या वादविवादांत आणि नियतकालिकात पुढे असणारा असा हा मुलगा होता. बिंगहॅम्टनमधील उद्यान, तेथील फिरता पाळणा आणि वाद्यवृंदाचा मंडप यांच्या आठवणी त्याच्या मनात कायम राहिल्या. १९५९ सालच्या ‘वॉकिंग डिस्टन्स’ या भागात एक थकलेला नोकरदार आपल्या बालपणीच्या गावात पाऊल टाकतो आणि तेथे स्वतःलाच लहान मुलाच्या रूपात भेटतो, त्या कथेमागे हेच गाव आहे. मात्र त्या कथेतला नायक भूतकाळात राहू शकत नाही. वडीलच त्याला परत पाठवतात. सर्लिंगच्या स्मरणरंजनाला असलेली ही मर्यादेची जाणीव ध्यानात घेण्याजोगी आहे.

१९४३ साली शालेय शिक्षण संपताच तो सैन्यात दाखल झाला. अकराव्या हवाई डिव्हिजनच्या ५११व्या छत्रीधारी पायदळ रेजिमेंटमध्ये त्याची नेमणूक झाली. अंगाने लहानखुरा असलेल्या या तरुणाने सैन्यात असताना मुष्टियुद्धाचे सामनेही खेळले. युरोपात जाऊन नाझींशी लढण्याची त्याची इच्छा होती. प्रत्यक्षात त्याला जपान्यांशी लढण्यासाठी फिलिपीन्समध्ये पाठवण्यात आले. लेटे बेटावरची आणि नंतर मनिला शहरातील लढाई त्याने अनुभवली, तो जखमी झाला आणि त्याच्या गुडघ्याची जखम पुढे आयुष्यभर त्रास देत राहिली. लेटेवर विमानातून टाकलेली अन्नसामग्रीची पेटी अंगावर पडून त्याचा एक विनोदी स्वभावाचा सोबती त्याच्या डोळ्यांदेखत ठार झाला. मृत्यू हा शौर्याशी किंवा न्यायाशी संबंध नसलेला, निव्वळ योगायोगाचाही असू शकतो, ही जाणीव येथून त्याच्या लेखनात आली. तो सैन्यात असतानाच, १९४५ साली, त्याच्या वडिलांचे हृदयविकाराने निधन झाले.

युद्धाचा हा ठसा त्याच्या पुढील लेखनात वारंवार उमटलेला दिसतो. ‘द पर्पल टेस्टामेंट’ (१९६०) या भागातील लेफ्टनंटला मरणाऱ्या सैनिकांच्या चेहऱ्यांवर आधीच एक विचित्र प्रकाश दिसू लागतो. ‘अ क्वालिटी ऑफ मर्सी’ (१९६१) या भागात जपान्यांच्या जखमी तुकडीवर हल्ला चढवण्यास आतुर झालेला अमेरिकन अधिकारी अकस्मात जपानी अधिकाऱ्याच्या देहात जाऊन पडतो आणि तोच प्रसंग उलट बाजूने पाहतो. दोन्ही कथा १९४५ सालच्या फिलिपीन्समध्येच घडतात. ज्या शत्रूशी आपण स्वतः लढलो त्याच्या जागी उभे राहून पाहण्याची ही क्षमता युद्धानंतर अवघ्या सोळा वर्षांनी एका माजी सैनिकाने दाखवली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

३

युद्धावरून परतल्यावर सर्लिंगने ओहायो राज्यातील येलो स्प्रिंग्ज येथील अँटिओक महाविद्यालयात प्रवेश घेतला. आरंभी त्याचा विषय शारीरिक शिक्षण हा होता. लवकरच तो भाषा-साहित्याकडे वळला. महाविद्यालयाच्या नभोवाणी विभागासाठी त्याने श्रुतिका लिहिल्या, बसवल्या आणि त्यांत भूमिकाही केल्या. उत्पन्नाला जोड म्हणून तो नव्या हवाई छत्र्यांची चाचणी घेण्याचे धोक्याचे कामही करीत असे. १९४८ मध्ये सहाध्यायिनी कॅरोल क्रेमर हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि १९५० मध्ये तो पदवीधर झाला.

त्यानंतर त्याने सिनसिनाटी येथील डब्ल्यूएलडब्ल्यू या केंद्रावर नोकरी धरली. तेथे दिवसभर जाहिरातींचा आणि स्थानिक कार्यक्रमांचा मजकूर लिहावा लागे; स्वतःचे लेखन रात्री. न्यूयॉर्कला पाठवलेल्या संहिता एकामागून एक साभार परत येत असत. पत्नीच्या संमतीने त्याने ती नोकरी सोडली आणि केवळ लेखनावर जगण्याचा निर्णय घेतला. हा उमेदवारीचा काळ चरित्रकारांना दुय्यम वाटण्याची शक्यता आहे. परंतु नभोवाणीने त्याला जे शिकवले ते पुढे फार उपयोगी पडले. दृश्याचा आधार नसताना निव्वळ संवादांतून पात्र उभे करणे, ठरावीक मिनिटांत कथा पुरी करणे आणि निवेदकाच्या दोन-चार वाक्यांत श्रोत्याला कथेच्या आत नेणे, ही कौशल्ये त्याने येथे मिळवली. ‘द ट्वायलाइट झोन’मधील निवेदनाचे मूळ नभोवाणीच्या या संस्कारात शोधावे लागते.

४

पन्नासच्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकन दूरचित्रवाणीवर न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होणाऱ्या नाटकांची परंपरा बहरास आली होती. दर आठवड्याला नवे नाटक, नवी पात्रे आणि एकच प्रयोग, असे त्याचे स्वरूप असे. दूरचित्रवाणीचा पडदा लहान, प्रतिमा अंधूक, कलागार अपुरे. त्यामुळे भव्य दृश्यांपेक्षा माणसाच्या चेहऱ्यावर आणि बंद खोलीतील संघर्षावर भर देणे लेखकाला भाग होते. पॅडी चायेव्हस्की, रेजिनाल्ड रोझ, होर्टन फूट या लेखकांनी या मर्यादांतून एक स्वतंत्र नाट्यप्रकार घडवला. सर्लिंग या पिढीतलाच.

१२ जानेवारी १९५५ रोजी ‘क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर’ या कार्यक्रमात त्याचे ‘पॅटर्न्स’ हे नाटक सादर झाले. एका मोठ्या उद्योगसंस्थेचा निष्ठुर प्रमुख आपल्या वृद्ध, सहृदय सहकाऱ्याला हलवू पाहतो आणि त्याच्या जागी एका तरुण अधिकाऱ्याला आणतो. अपमान सहन करीत राहिलेला वृद्ध अखेर कोसळून मरतो आणि तरुणापुढे आपल्या यशाच्या नैतिक किमतीचा प्रश्न उभा राहतो. या नाटकाचे असाधारण स्वागत झाले. न्यूयॉर्क टाइम्सचा समीक्षक जॅक गूल्ड याने ते पुन्हा दाखवावे अशी मागणी केली. प्रयोग थेट असल्यामुळे पुन्हा दाखवणे याचा अर्थ पुन्हा सादर करणे असाच होता. त्याप्रमाणे ९ फेब्रुवारी रोजी तोच नटसंच पुन्हा उभा राहिला. त्या काळी ही घटना अपवादात्मक होती. सर्लिंगला यासाठी पहिले एमी पारितोषिक मिळाले. अशी एकूण सहा पारितोषिके त्याने मिळवली.

११ ऑक्टोबर १९५६ रोजी ‘प्लेहाउस ९०’ या दीड तासाच्या कार्यक्रमात सादर झालेले ‘रेक्विएम फॉर अ हेवीवेट’ हे त्याचे कदाचित सर्वश्रेष्ठ नाटक. मुष्टियोद्धा माउंटन मॅक्लिंटॉक याला यापुढे खेळता येणार नाही असे डॉक्टर सांगतात. चौदा वर्षे केवळ मार खाण्याची आणि देण्याची विद्या शिकलेल्या या माणसाला दुसरे काही येत नाही आणि ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे तो व्यवस्थापकच त्याला विकू पाहतो. सैन्यातील मुष्टियुद्धाचा अनुभव येथे उपयोगी पडला असला, तरी नाटकाचा गाभा मुष्टियुद्धाचा नाही. माणसाचा उपयोग संपला की व्यवस्था त्याचे काय करते, हा ‘पॅटर्न्स’मधलाच प्रश्न येथे समाजाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन विचारला आहे. जॅक पॅलन्सने मॅक्लिंटॉकची भूमिका केली. या नाटकास एमीबरोबर पीबडी पारितोषिकही लाभले.

१९५७ साली सर्लिंगची चार नाटके ‘पॅटर्न्स’ याच नावाने ग्रंथरूपात आली. प्रत्येक नाटकाला त्याने स्वतःचे भाष्य जोडले आणि दूरचित्रवाणी-लेखकाच्या धंद्याचे, त्यातील आर्थिक व्यवहाराचे आणि हस्तक्षेपाचे स्पष्ट वर्णन केले. एकदा प्रक्षेपित होऊन हवेत विरणाऱ्या लेखनाला कागदावर स्थिर करण्याचा हा प्रयत्न म्हणजे लेखकाने आपल्या संहितेवर सांगितलेला पहिला जाहीर हक्क होता.

५

त्या काळच्या अमेरिकन पद्धतीत संपूर्ण कार्यक्रमच एका उद्योगसंस्थेच्या पैशावर चाले. त्यामुळे प्रायोजक आणि त्याची जाहिरातसंस्था यांना संहितेतील शब्दन् शब्द तपासण्याचा व्यवहारतः अधिकार मिळे. यात सरकारी बंदीचा प्रश्न नव्हता. ग्राहक दुखावू नये, एवढीच चिंता होती. परंतु तिचे क्षेत्र अमर्याद होते. १९५९ साली ‘प्लेहाउस ९०’मध्ये ॲबी मान याचे न्यूरेंबर्ग खटल्यावरचे नाटक सादर झाले, तेव्हा प्रायोजकांत इंधनवायू उद्योगाची संघटना असल्यामुळे छळछावण्यांच्या वर्णनातील वायू हा शब्द प्रक्षेपणात ऐकू येऊ दिला गेला नाही. या एका उदाहरणावरून परिस्थितीची कल्पना यावी.

ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची निर्घृण हत्या झाली आणि सप्टेंबरमध्ये सर्वस्वी गोऱ्या पंचमंडळाने दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले. या घटनेने अस्वस्थ होऊन सर्लिंगने ‘नून ऑन डूम्सडे’ हे नाटक लिहिले. थेट विषय स्वीकारला जाणार नाही हे ओळखून त्याने मारला गेलेला माणूस आधीच बदलला होता. तो एक वृद्ध ज्यू होता. परंतु नाटकाचा टिल प्रकरणाशी असलेला संबंध वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाला आणि दक्षिणेतील वर्णवर्चस्ववादी संघटनांनी बहिष्काराची धमकी दिली. त्यानंतर संहितेची जी मोडतोड झाली ती उद्बोधक आहे. कथा दक्षिणेतून उचलून न्यू इंग्लंडमध्ये नेण्यात आली, मृत व्यक्ती एक अनाम परदेशी झाली, खुनी हा क्षणभर तोल गेलेला एरवीचा चांगला मुलगा ठरला. दक्षिणेची आठवण होऊ नये म्हणून विशिष्ट शीतपेयाच्या बाटल्याही नेपथ्यातून काढण्यात आल्या. एप्रिल १९५६ मध्ये जे प्रक्षेपित झाले त्यात मूळ प्रश्नाचा मागमूस उरला नव्हता. त्याच महिन्यात सादर झालेल्या ‘द अरेना’ या सिनेटवरील नाटकात कोणत्याही चालू राजकीय प्रश्नावर सिनेट सदस्यांना बोलू दिले गेले नाही. राजकारणाविना राजकीय नाटक असा तो विलक्षण प्रकार झाला.

सर्लिंगने टिल प्रकरण सोडले नाही. जून १९५८ मध्ये ‘प्लेहाउस ९०’साठी त्याने ‘अ टाउन हॅज टर्न्ड टु डस्ट’ लिहिले. याही वेळी वाटाघाटींत कथा १८७०च्या सुमाराच्या नैर्ऋत्येकडील गावात नेली गेली आणि झुंडीने मारलेला तरुण मेक्सिकन झाला. तरीही झुंडीची मानसिकता, भ्याड कायदारक्षक आणि गावाचे मौन यांचे चित्रण बऱ्याच अंशी टिकून राहिले. काळ आणि स्थळ दूर नेले की तीच गोष्ट सांगता येते, हा धडा त्याला या प्रकरणाने दिला. मात्र हे दूर नेणे दुसऱ्याने लादले तर संहितेचा विध्वंस होतो आणि लेखकाने स्वतः योजले तर त्यातून कलाकृती होऊ शकते, हा त्यातील अधिक महत्त्वाचा भाग होय.

६

नोव्हेंबर १९५८ मध्ये सर्लिंगचे ‘द टाइम एलिमेंट’ हे नाटक प्रक्षेपित झाले. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या आदल्या दिवशी आपण होनोलुलूत आहोत असे वारंवार स्वप्न पडणाऱ्या आणि कोणालाही सावध करू न शकणाऱ्या माणसाची ही कथा सीबीएसने विकत घेऊन बाजूला ठेवली होती. एका दुसऱ्या कार्यक्रमाच्या निर्मात्याने ती बाहेर काढली. प्रेक्षकांच्या पत्रांचा पाऊस पडला आणि सीबीएसने मालिकेला अनुमती दिली. २ ऑक्टोबर १९५९ रोजी ‘द ट्वायलाइट झोन’चा पहिला भाग प्रक्षेपित झाला. योगायोगाने त्याच वर्षी, १५ सप्टेंबर रोजी, दिल्लीत भारतीय दूरचित्रवाणीचा प्रायोगिक आरंभ झाला होता.

प्रक्षेपणापूर्वी दिलेल्या एका मुलाखतीत सर्लिंगने या मालिकेत वादग्रस्त विषय हाताळण्याचा आपला मानस नसल्याचे सूचित केले. अनेकांना ती शरणागती वाटली. परंतु याच वेळी त्याने जी व्यावसायिक रचना उभी केली तिच्याकडे पाहिले म्हणजे वेगळेच चित्र दिसते. आपल्या उन्हाळी घराजवळच्या सरोवराचे नाव देऊन त्याने ‘कायुगा प्रॉडक्शन्स’ ही संस्था काढली. तो मालिकेचा निर्माता-प्रमुख, मालकीतील भागीदार आणि मुख्य लेखक होता. पहिल्या वर्षाच्या ३६ भागांपैकी २८ त्याने लिहिले. पाच वर्षांच्या एकूण १५६ भागांपैकी ९२ त्याचे आहेत. उरलेल्यांत रिचर्ड मॅथेसन व चार्ल्स ब्यूमाँट यांचा वाटा मोठा. निर्माता बक हॉटन याने मर्यादित खर्चात एमजीएमच्या जुन्या नेपथ्यांचा कल्पक उपयोग करून घेतला. पहिल्या वर्षी सर्लिंगचा केवळ आवाज ऐकू येई. दुसऱ्या वर्षापासून तो निवेदक म्हणून स्वतः पडद्यावर येऊ लागला. संहितेवर, निर्मितीवर आणि प्रेक्षकाशी होणाऱ्या थेट संभाषणावर एकाच लेखकाचे नियंत्रण, अशी ही स्थिती होती. दूरचित्रवाणीत ती दुर्मीळच म्हणावी लागेल.

या अधिकाराचा उपयोग त्याने कसा केला, हे काही भागांवरून स्पष्ट होते. ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’ (१९६०) या भागात एका शांत गल्लीतले दिवे जातात, मोटारी बंद पडतात आणि परग्रहवासीयांच्या अफवेने शेजारी एकमेकांवर संशय घेऊ लागतात. रात्र संपण्यापूर्वीच एकाचा बळी जातो. परग्रहवासी खरोखरच आलेले आहेत, पण ते दूर टेकडीवरून नुसते पाहात आहेत. विध्वंसाचे काम माणसेच करतात. मॅकार्थीकालीन संशयाच्या वातावरणाचे हे चित्र होते, तरी त्यात कोणाचेही नाव नव्हते. ‘द ऑब्सोलीट मॅन’ (१९६१) मधील ग्रंथपालाला पुस्तकांची गरज नसलेली राज्यसत्ता कालबाह्य ठरवून मृत्युदंड देते. ‘डेथ्स-हेड रिव्हिजिटेड’ (१९६१) मध्ये डाखाउच्या छावणीत जुन्या वैभवाच्या आठवणी काढण्यासाठी परतलेल्या नाझी अधिकाऱ्याचा खटला मृतांचे आत्मेच चालवतात. जेरुसलेममध्ये आइकमनचा खटला चालला ते हेच वर्ष. ‘द बिग टॉल विश’ (१९६०) मध्ये जवळजवळ सर्व भूमिका कृष्णवर्णीय नटांनी केल्या आणि कथेत वर्णाचा उल्लेखही नव्हता. त्या काळच्या दूरचित्रवाणीवर ही घटनाच वेगळी होती.

मराठी वाचकाला या संदर्भात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ या १९०७ सालच्या नाटकाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. दोन्हीकडे जे उघड बोलता येत नाही ते दूरच्या कथेतून बोलले गेले. परंतु भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. कीचक म्हणजे कर्झन ही खूणगाठ प्रेक्षकाने बांधलेलीच होती. रूपकाची किल्ली सर्वांच्या हाती असल्यामुळेच नाटक प्रभावी ठरले आणि त्याच कारणाने १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. सर्लिंगच्या कथांना अशी एकच किल्ली नाही. मेपल स्ट्रीटवरचा संशयित कम्युनिस्ट, ज्यू, कृष्णवर्णीय किंवा केवळ रात्री न झोपणारा शेजारी असा कोणीही असू शकतो. या अनिश्चिततेमुळे प्रायोजकाला आक्षेप घेण्याजोगे काही सापडत नाही आणि कथा तिच्या काळाबाहेरही टिकते.

परंतु हीच या पद्धतीची मर्यादाही आहे. एमेट टिल याच्या नावाने सुरू झालेला शोध मेपल स्ट्रीटवर येईपर्यंत सर्वसामान्य मानवी पूर्वग्रहाचा प्रश्न झाला. जो अन्याय विशिष्ट समाजावर, विशिष्ट प्रदेशात, विशिष्ट व्यवस्थेने केला होता त्याला सर्वांचाच दोष असे रूप आले. पाहणाऱ्याला आपण त्या झुंडीत नसून टेकडीवर उभे आहोत, असे मानण्याची सोयही त्यात राहते. सर्लिंगला याची जाणीव असावी असे वाटते. कारण मालिकेच्या अखेरच्या वर्षी, केनेडीहत्येनंतर, त्याने ‘आय ॲम द नाइट – कलर मी ब्लॅक’ (मार्च १९६४) लिहिले. फाशीच्या सकाळी एका गावावर सूर्य उगवत नाही आणि शेवटी नभोवाणीवर असाच काळोख पसरलेल्या स्थळांची नावे ऐकू येतात. त्यांत डॅलस, बर्मिंगहॅम, बर्लिनची भिंत आणि उत्तर व्हिएतनाम आहेत. नाट्य म्हणून हा भाग उपदेशाकडे झुकलेला आणि दुबळा आहे. परंतु रूपकात राहून पुन्हा खऱ्या नावांकडे येण्याची लेखकाची निकड त्यातून व्यक्त होते.

वर्षाला वीस-पंचवीस संहिता लिहिण्याच्या ओझ्याने तो थकला होता. संहिता तो ध्वनिमुद्रण यंत्रावर सांगत असे आणि लेखनिक त्या उतरवीत. उत्तरकाळातील भागांत दिसणारी लांबलचक भाषणे आणि कल्पनांची पुनरावृत्ती याला हा वेग बराचसा कारणीभूत आहे. खर्च वाचवण्यासाठी दुसऱ्या वर्षी सहा भाग ध्वनिचित्रफितीवर घेण्यात आले, चौथ्या वर्षी भागाची लांबी अर्ध्या तासाऐवजी एक तास करण्यात आली आणि हॉटन मालिका सोडून गेला. जून १९६४ मध्ये मालिका संपली. दुसऱ्या वाहिनीने भुताखेतांची मालिका काढण्याचा प्रस्ताव दिला, तो त्याने नाकारला. पुढे मालिकेतील आपला हिस्साही त्याने सीबीएसला विकून टाकला. पुनःप्रक्षेपणांतून या मालिकेला दीर्घायुष्य लाभले, पण तिच्यावरील लेखकाची मालकी संपली होती.

७

यानंतरच्या अकरा वर्षांत सर्लिंग निष्क्रिय नव्हता. ‘सेव्हन डेज इन मे’ (१९६४) या लष्करी कटावरील चित्रपटाची पटकथा त्याची आहे. पिएर बूल याच्या कादंबरीवरील ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ (१९६८) ची पटकथा त्याने आणि मायकेल विल्सनने लिहिली. ‘द लोनर’ (१९६५–६६) या मालिकेत यादवी युद्धानंतर पश्चिमेकडे भटकणाऱ्या एका माजी अधिकाऱ्याच्या निमित्ताने त्याने हिंसेच्या नैतिकतेचा विचार मांडू पाहिला; वाहिनीला गोळीबार अधिक हवा होता आणि २६ भागांनंतर मालिका बंद पडली. १९६६ साली विमानातील बाँबवर त्याने लिहिलेला ‘द डूम्सडे फ्लाइट’ हा दूरचित्रवाणीपट दाखवला गेल्यावर विमानकंपन्यांना तशाच धमक्या येऊ लागल्या. तो लिहिल्याबद्दल त्याने जाहीर खेद व्यक्त केला.

‘नाइट गॅलरी’चे प्रकरण या दृष्टीने निर्णायक आहे. १९६९ मधील आरंभीच्या चित्रपटानंतर १९७० ते १९७३ या काळात ही मालिका एनबीसीवर चालली. सर्लिंग पूर्वीप्रमाणेच निवेदक म्हणून चित्रांच्या दालनात उभा राहिलेला दिसे. प्रेक्षकाला मालिका त्याचीच वाटे. प्रत्यक्षात सर्व निर्णय निर्माता जॅक लेअर्ड आणि स्टुडिओ यांच्या हाती होते. सर्लिंगच्या संहिता नाकारल्या गेल्या, काहींमध्ये बदल झाले आणि त्याला न रुचणारे विनोदी तुकडे कथांच्या मध्ये घालण्यात आले. त्याने तीव्र नाराजी व्यक्त केली, तरी कराराने तो बांधलेला होता. अद्भुताचा प्रकार तोच, निवेदक तोच, लेखकही काही अंशी तोच. नव्हता तो केवळ निर्मितीचा अधिकार. याही परिस्थितीत १९७१ साली त्याने ‘दे आर टेअरिंग डाउन टिम रायलीज बार’ लिहिले. पंचवीस वर्षे नोकरी केलेला आणि आता तरुण सहकाऱ्याकडून बाजूला सारला जात असलेला एक विक्रेता पाडल्या जाणाऱ्या जुन्या मद्यगृहात आपला भूतकाळ पाहतो, अशी ही कथा. ‘पॅटर्न्स’मधील वृद्ध येथे परत आला आहे, फरक एवढाच की तीस वर्षांच्या लेखकाने त्याच्याकडे बाहेरून पाहिले होते आणि आता तो त्याच्या शेजारी उभा आहे.

ज्या प्रायोजकांशी तो झगडला त्यांच्याच उत्पादनांच्या जाहिरातींना याच काळात त्याने आपला चेहरा आणि आवाज दिला. हा विरोधाभास चरित्रकाराला झाकता येणार नाही. व्यवस्थेबाहेर उभा राहून लिहिणारा तो बंडखोर नव्हता; तिच्या आत राहून, तिचे लाभ घेत, तिच्याकडून सत्य बोलण्याची जागा मिळवू पाहणारा तो व्यावसायिक लेखक होता.

अखेरच्या वर्षांत तो न्यूयॉर्क राज्यातील इथाका महाविद्यालयात अध्यापन करीत होता. विद्यार्थ्यांना तो आपल्याच मालिकेचे भाग दाखवून त्यांतील दोष निर्दयपणे उलगडून सांगत असे. आयुष्यभर अतोनात धूम्रपान केलेल्या सर्लिंगला मे १९७५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. रॉचेस्टर येथे झालेल्या हृदयशस्त्रक्रियेनंतर २८ जून १९७५ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. कायुगा सरोवराजवळच्या इंटरलाकन येथे त्याचे दफन करण्यात आले.

सर्लिंगच्या लेखनाचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी स्वतंत्रपणे ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, त्याच्या उत्तम नाटकांचे आणि भागांचे मोल त्यांतील कलाटणीवर अवलंबून नाही. निरुपयोगी ठरवल्या गेलेल्या माणसाबद्दलची त्याची आस्था हे त्याच्या लेखनाचे सलग सूत्र असून मुष्टियोद्धा, ग्रंथपाल, विक्रेता ही तिचीच रूपे आहेत. दुसरी, हे सूत्र जेथे सशक्तपणे व्यक्त झाले तेथे बहुधा त्याच्या शब्दाला कोणाचा हात लागलेला नव्हता. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि ऐंशीच्या दशकात प्रायोजित मालिका रूढ झाल्या. त्यांतील लेखनाचा अभ्यास करू पाहणाऱ्याने प्रक्षेपित भागावरून थेट लेखकाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. मूळ संहिता कोणती, ती कोणी व का बदलली, तिची मालकी कोणाकडे होती, हे प्रश्न आधी विचारावे लागतील. त्यासाठी संहिता जपल्या जाणे आवश्यक आहे. सर्लिंगच्या संहिता आणि कागदपत्रे विस्कॉन्सिन, लॉस एंजेलिस व इथाका येथील संग्रहांत जतन झाली आहेत, म्हणूनच त्याच्या कोणत्या शब्दाचे काय झाले, हे आज सांगता येते. मराठी दूरचित्रवाणी-लेखनाच्या बाबतीत विद्यापीठीय मराठी विभागांनी हे काम अंगावर घेतले, तर या लेखनाचा साहित्य म्हणून विचार करण्यास एक भक्कम आधार मिळेल.